चामोर्शीचं वरचं कोर्ट

चामोर्शीत मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला भाड्याचं काही विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न का झालं नाही तेही विचारलं नाही. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, एक लाकडी खुर्ची ओढून दिली, मी नीट बसेपर्यंत तिच्या मागे ताठ उभे राहिले, मग समोर येऊन म्हणाले,

"पयले कुठी नकार भेटला का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. साताऱ्याकडची पोर, नोकरीवर रुजू होऊन चारच दिवस झालेले, इकडची बोली अजून कानात बसली नव्हती.

"खोली मांगाले आधी कुठी गेल्या असान न? तिथी नाई म्हणले का?"

"हो. दोन घरी."

"काऊन?"

एका घरी एकटी बाई नको होती. दुसऱ्या घरी मी जनावरांची डॉक्टर आहे म्हटल्यावर मालकीणबाईंनी नाकाला पदर लावला होता. हे सगळं मी सांगितलं.

"तुमचं म्हणनं ऐकून घेतलं का त्याईनं?"

"नाही. दार लावून घेतलं."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मंग चालते. खालचा निकाल रद्द. खोली तुमची. सामान आना."

पुढे कळलं की मी सरळ त्यांच्याकडे आले असते तर मला परत पाठवलं असतं. माझ्या आधी बँकेतला एक तरुण खोलीसाठी थेट आला होता. घरमालकांनी, म्हणजे भाऊंनी, त्याला आधी दुसरीकडून नकार घेऊन यायला सांगितलं. बिचारा गावभर फिरला. पण बँकेतला माणूस म्हटल्यावर जो तो त्याला घर द्यायला तयार. नकार काही मिळाला नाही, त्यामुळे आमची खोलीही मिळाली नाही.

भाऊ नागपूरच्या हायकोर्टात चोपदार होते. न्यायमूर्ती त्यांच्या दालनातून कोर्टात जायला निघाले की हातात दंड घेऊन त्यांच्या पुढे चालायचं, वाट मोकळी करायची, खुर्ची ओढून द्यायची आणि दिवसभर त्या खुर्चीमागे उभं राहायचं, हे त्यांचं काम. उभी हयात त्यांनी ते केलं आणि निवृत्त झाल्यावर चामोर्शीच्या वडिलोपार्जित घरात येऊन राहिले. गाव त्यांना चोपदारभाऊ म्हणायचं. त्यांच्या बायकोला सगळे नुसतं बाई म्हणत.

खुर्चीमागे उभं राहून माणसाला काय काय सवयी लागतात, ते मी त्या घरात पाहिलं. ते कुणालाही स्वतःच्या हाताने खुर्ची ओढू देत नसत. दूधवाला हिशेबाला आला तरी भाऊ त्याच्यामागे उभे. आणि शिंका. कोर्ट चालू असताना चोपदाराला शिंकायची सोय नव्हती म्हणे. नाकाचा शेंडा दाबून, डोळ्यांत पाणी आणून त्यांनी सगळ्या शिंका आत जिरवल्या होत्या. आता ते सपरीच्या मधोमध उभे राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून असे शिंकत की समोरच्या चिंचेवरचे बगळे उठत. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातातली कपबशी पडली.

"घाबरू नोका, डॉक्टरीन बाई," आतून बाई म्हणाल्या. "थे सरकारी शिंक आहे. आता निंगून राह्यली."

बाजारात जाताना भाऊ नेहमी बाईंच्या पुढे चालत. संथ, मान ताठ, एकदाही मागे न बघता. मला ते आवडायचं नाही. बायकोला मागून चालवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. एकदा राहवेना म्हणून बोललेच.

"पुढं चालते तो नोकर असते, डॉक्टरीन बाई," ते म्हणाले. "न्यायमूर्ती मांगून येते."

आणि खरंच, बाजारात शिरल्यावर बाई वांग्यांच्या ढिगापाशी थांबल्या की चार पावलं पुढे गेलेले भाऊ, पाठीला डोळे असल्यासारखे, जागच्या जागी थांबत आणि गर्दीतल्या माणसांना हाताने बाजूला करत. बाई भाव पाडत. हे पिशवी धरत.

गल्लीत भांडण झालं की लोक भाऊंकडे यायचे. कोर्टातला माणूस म्हणून. पण भाऊ पहिल्या पायरीचं काही ऐकतच नसत. "इथी फक्त अपील चालते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पयले खाली जाऊन या."

खाली म्हणजे बाईंकडे. बाई मागच्या अंगणात धान पाखडत किंवा भाजी निवडत बसलेल्या असत. तिथल्या तिथे, हातातलं काम न सोडता, त्या निकाल देत. कोंबडीनं शेजारणीचं वाळवण विस्कटलं? "तिचं वाळवण तू घालून दे, आन अंडं आजचं तिचं." झालं. तो निकाल ज्याला पटला नाही त्यानं घराला वळसा घालून पुढच्या सपरीत यायचं, तिथे भाऊ खुर्ची ओढून देत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे.

"बाईनं दोघाईचं ऐकलं होतं?"

"हव."

"मंग माह्याकडे नवीन काई सांगू नोको. तिथी जे बोलला तेच बोल."

इथे लोक अडखळत. कारण मागच्या अंगणातून पुढच्या सपरीत येईपर्यंत राग अर्धा झालेला असे, आणि जे रागात बोललो तेच शांतपणे पुन्हा बोलायचं म्हटलं की माणसाला स्वतःचं हसू येतं. दोन सख्खे शेजारी सांडपाण्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून आलेले मी पाहिले, आणि तेच दोघे वळसा घालून आले तेव्हा एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात होता. "काई नाई भाऊ, चहा प्यायले आलो," म्हणाले. भाऊंचा मात्र त्यामुळे हिरमोड व्हायचा.

बाईंची एक तक्रार होती. "मी सांगतलं का लोक चालले तुमच्या सपरीत. माह्या शब्दाले किंमत नाई का?"

"अवं, अपील झालं म्हंजे तुह्या कोर्टाचा अपमान नसते," भाऊ समजावत. "माणूस आहे तर चुकन. तू चुकन, मी चुकन. कोनाचाच शब्द आखरी नोको. म्हणून तं वरचं कोर्ट असते."

"आन वरचं चुकलं तं?"

"त्याच्या वर दिल्ली आहे."

"मंग जा दिल्लीले. भाजी नाई आहे घरी."

एकदा जावई येणार होते. बाईंनी घरचा तांबडा कोंबडा कापायला काढला. भाऊ न्हाणीत होते. कोंबड्याचा आवाज ऐकून ते पंचा गुंडाळून, अंगाला साबण तसाच, बाहेर धावत आले आणि ओरडले, "स्थगिती!"

"कशाची स्थगिती?"

"निकाल झाला का? त्याचं कोनी ऐकलं का? सुनावणी होईस्तोवर जसं आहे तसं राहू दे."

जावयांनी वांग्याची भाजी खाल्ली. सुनावणीची तारीख पुढे पुढे जात राहिली, आणि तो कोंबडा मी तिथं असेपर्यंत स्थगितीवर जगला. पुढे पुढे तो दुपारी आरवायला लागला. भाऊंनी मला त्याला तपासायला लावलं. मी म्हटलं, वय झालंय, दुसरं काही नाही. "चला," भाऊ समाधानाने म्हणाले, "म्हातारा झाला बिचारा."

रविवारी सकाळी मला सुट्टी असायची. भाऊ सपरीत तुरीच्या शेंगा सोलत बसत आणि हायकोर्टाचा इतिहास सांगत. तो त्यांच्या घरचाच इतिहास होता, कारण त्यांचे वडीलही तिथेच पट्टेवाले होते.

"माह्या आज्याच्या येळेस तिथी हायकोर्ट नोयतं," ते सुरू करत. "एक कमिशनर साहेब बसे. चांद्याच्या, म्हंजे आताच्या चंद्रपूरच्या, निकालावर अपील कराचं तं माणूस बंडी जुंपून नागपूरले जाये. संग तांदूळ, चटणी, बैलाची वैरण. अपील म्हंजे पयले बैलाची परीक्षा, मंग वकिलाची. वाटंत नदी भरली तं तिथीच मुक्काम. तरी जाये माणूस. काऊन जाये?"

"का जायचा?"

"आपल्याले ज्यानं हरवलं त्याले कोनी तरी इचारलं पायजे, काऊन हरवलं म्हणून. तेवढ्यासाठी."

मग नागपूरचं स्वतःचं हायकोर्ट झालं, दगडी इमारत उभी राहिली, वर घुमट चढला. वडिलांना नोकरी लागली. त्या इमारतीच्या पायऱ्या ते स्वतःच्या घरच्या असल्यासारखे सांगत. आणि मग राज्यं मोडली, जोडली. विदर्भ मुंबईच्या बाजूला गेला.

"हायकोर्ट मुंबईचं झालं," भाऊ शेंग हातात तशीच धरून सांगत. "बाप पायरीवर बसला पगडी काढून. म्हणे, आता या घुमटाखाली कबुतरं राहतीन. चांद्याच्या, भंडाऱ्याच्या माणसानं आता मुंबईले जावं का अपिलाले? बैल कोनते जुंपावे? आन मंग हुकूम आला. मुंबईच्या कोर्टाचेच न्यायमूर्ती इथी नागपुरात बसतीन. खंडपीठ. पाटी बदलली, खुर्च्या त्याच. बाप त्या दिवशी जिलेबी घेऊन आला, पुऱ्या मोहल्ल्याले वाटली."

"आन घरी पीठ नोयतं," आतून बाई म्हणत. "सासूबाई सांगे मले."

भाऊंच्या कोर्टातही खंडपीठ होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी चैतूबाबा यायचे. ते जंगलातल्या एका गोंड गावचे; चारोळी, मध, बांबूच्या टोपल्या घेऊन सकाळी काळीपिवळी गाडीने उतरत आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने परत जात. माल विकून झाला की आमच्या सपरीत टेकत. भाऊंनी त्यांना कधीतरी दुसरे न्यायमूर्ती करून टाकलं होतं. चैतूबाबांची हरकत नव्हती. चहा मिळायचा. पण अपिलाची सगळी कल्पनाच त्यांना गमतीची वाटे.

"आमच्या गावात काय असते," ते मला एकदा म्हणाले, "सगळे बसते. सगळे बोलते. सगळ्याईचं एक होत नाई तोवर कोनी उठत नाई. मंग अपील कोन करन?"

"आन एखादा चुपच बसला तं?" भाऊंनी टोकलं.

"तं आमीबी बसतो. तो बोलेपर्यंत."

एका बाजाराच्या दिवशी गिरजाबुढी आली. ती ढिवर समाजाची. गावाबाहेरच्या तलावावर जन्मभर मासे धरलेली. लुगड्याचा काठ ओला, डोक्यावर झिंग्यांचं टोपलं. टोपलं खाली ठेवून ती म्हणाली, "भाऊ, मले अपील कराचं आहे."

तिचे दोन मुलगे, मारोती आणि केशव, नुकतेच वेगळे झाले होते. नवरा गेल्यापासून ती तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, झोपडीत एकटी राहत होती. मुलांना ते बरं दिसेना. मोहल्ल्यातल्या जाणत्या मंडळींना बसवून त्यांनी ठरवून घेतलं होतं, की आईनं रोवणीपासून, म्हणजे धानाच्या लावणीपासून, कापणीपर्यंत थोरल्याकडे राहायचं आणि उरलेले दिवस धाकट्याकडे. झोपडी मोडायची. डोंगा, म्हणजे तिची ती झाडाच्या खोडातून कोरलेली होडी, विकायची.

भाऊंनी मुलांना बाजारातून बोलावून घेतलं. दोघे आले. मारोती थोरला, उंच, बोलताना मान खाली घालणारा. त्याने सगळं नीट सांगितलं. आई म्हातारी झाली, पाय घसरला तर? पाण्यात पडली तर कुणाला कळेल? लोक म्हणतात, दोन दोन पोरं असून माय झोपडीत. त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. सुना वाईट नव्हत्या. माझ्या मनात आलं, पोरं चांगली आहेत.

भाऊंनी नेहमीचा प्रश्नही विचारला नाही. लगेच म्हणाले, "खालचा निकाल कायम. माय पोरापाशीच बरी."

बुढीने टोपलं उचललं आणि ती गेली. मुलगेही गेले. मला चुकचुकल्यासारखं झालं. आत बाईंनी भांडं आपटलं. नंतर त्यांनीच मला सांगितलं: भाऊ नागपूरला नोकरीत असताना त्यांची आई इथे या घरात एकटी राहिली होती. किती बोलावलं तरी नागपूरला आली नाही. भाऊंना ते अजून सलत होतं. म्हणून त्या दिवशी ते गिरजाबुढीच्या नाही, स्वतःच्याच आईच्या खटल्याचा निकाल देऊन बसले.

संध्याकाळ व्हायला आली तरी चैतूबाबा उठले नाहीत.

"गाडी सुटन तुमची," भाऊ म्हणाले.

"सुटू दे."

"काऊन?"

"बुढी बोलली नाई."

"निकाल झाला, बाबा."

"तुहा झाला. माहा नाई झाला." चैतूबाबांनी पाय वर घेऊन मांडी घातली. "पोट्टे बोलले, तू बोलला. जे माय हलवाची ते बोललीच नाई. मी नाई उठत."

शेवटची काळीपिवळी हॉर्न वाजवत गेली. भाऊ येरझाऱ्या घालू लागले. बाईंनी आत एक मूठ तांदूळ जास्त टाकल्याचा आवाज आला. त्यांचा कल कुणीकडे आहे ते तेवढ्यावरून कळलं. जेवताना भाऊ नुसता भात चिवडत राहिले. चैतूबाबा मजेत दोनदा भात मागून जेवले.

सकाळी मी दवाखान्यात जायला निघाले, तर भाऊ दारात उभे. डोळे तांबारलेले, पण दाढी केलेली, डोक्याला पांढराशुभ्र फेटा बांधलेला.

"डॉक्टरीन बाई, दोन न्यायमूर्तीचं जमत नसन तं प्रकरण तिसऱ्याकडे जाते. हायकोर्टात असंच आहे."

"मग?"

"तिसऱ्या तुमी."

"मी? मला काय कळतंय त्यातलं? मी जनावरांची डॉक्टर."

"ज्याले काई समजत नाई तो पुरं ऐकून घेते," चैतूबाबा मागून म्हणाले आणि खो खो हसले.

मी दवाखान्यात फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. बुढीला बोलवायला गेलेल्या माणसाने निरोप आणला की ती पहाटेच तलावावर गेली. तेव्हा भाऊंनी ठरवलं, कोर्ट तलावावर जाईल. आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "माहं मत काल देऊन झालं. आज मी न्यायमूर्ती नाई. आज मी चोपदार."

चांदीच्या मुठीचा दंड कोर्टाचा होता, तो कोर्टातच राहिला. भाऊंनी चैतूबाबांच्या न विकलेल्या मालातला एक सरळ बांबू घेतला. आणि आम्ही निघालो. पुढे भाऊ, त्यांच्यामागे मी, गमबुटांत, आणि चैतूबाबा, खांद्यावर टॉवेल टाकून, सगळ्यात मागे डोक्यावर लाकडी खुर्ची घेतलेल्या बाई. खुर्ची भाऊंनी घ्यायला हवी होती, पण दंड धरलेल्या हाताने दुसरं काही धरायचं नसतं म्हणे. भाऊ चालायला लागले आणि मी पहिल्यांदा पाहिलं, हा माणूस त्याच्या कामात कसा दिसत असेल. पाऊल ना घाईचं ना रेंगाळतं. रस्त्यावरचे लोक आपोआप बाजूला होत होते. एक म्हैस मधोमध रवंथ करत बसली होती. भाऊ तिच्यासमोर थांबले, बांबू एकदा जमिनीवर टेकला. म्हैस उठली. मी आजवर इंजेक्शनाची भीती घालूनही एवढ्या लवकर म्हैस उठवलेली नाही. अर्धी गल्ली आमच्या मागून आली.

बुढी पाळीवर बसून जाळं सुकवत होती. एवढी माणसं बघून ती घाबरून उभी राहिली. भाऊंनी खुर्ची पाळीवर ठेवली, ओढली आणि तिच्यामागे जाऊन ताठ उभे राहिले.

"बस, माय."

"मी? खुर्चीवर?"

"बस."

ती अगदी कडेवर बसली. मारोती आणि केशव धावत आले, सुना आल्या. सगळे आमच्याकडे बघू लागले. मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी तिलाच विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?"

पहिल्यांदा ती नुसतीच पदराशी चाळा करत राहिली. कुणीतरी मागून कुजबुजलं, तर भाऊंनी बांबू टेकला. शांतता झाली. ती शांतता तशीच राहू दिली आम्ही. चैतूबाबा तर मांडी घालून बसलेच होते.

"पोट्टे चांगले आहेत माहे," ती शेवटी म्हणाली. "दोघी सुनाईचा भात गोड आहे. पन मी का शेळी आहे का, आज या खुंट्याले, उद्या त्या खुंट्याले? बुढा या तलावावर मले लगन करून घेऊन आला. डोंग्यात बसून आली मी नवरी. सकाळी पाण्यावर गेली नाई तं माहे हात दुखते दिवसभर. घरी बसवून ठेवलं तं मी कराचं काय? दोघाईच्या घरी मी पावणी. इथी माहं घर आहे." मग मुलाकडे वळून, "मारोती, तुले वाटते मी बुडन. अरे, तुले पोहाले कोनं शिकवलं?"

लोक हसले. मारोतीही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते. "माय, मले झोप येत नाई वो तू इथी असली तं," तो म्हणाला. काल लोक काय म्हणतात हे सांगणारा मारोती ते सगळ्यांदेखत बोलून गेला.

आता मी अडचणीत. तिचंही खरं, त्याचंही खरं. मी चैतूबाबांकडे बघितलं.

"पाळी राहू द्या न," ते अगदी सहज म्हणाले. "पोट्ट्याईनं पाळी लावली आहे, ते मोडू नोका. बुढी नोका हलवू. पोट्टे हला."

आधी कुणाला कळलं नाही. मग धाकट्या सुनेला कळलं आणि ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. रोवणीपासून कापणीपर्यंत थोरल्याने रात्री झोपडीवर झोपायला यायचं, उरलेले दिवस धाकट्याने. ज्याची पाळी त्याच्या घरून भात. मासे दोन्ही घरी.

"चालते," मारोती म्हणाला.

"मले तं बरंच आहे," धाकटी सून म्हणाली, "हे घरी लय घोरते." केशवने तिच्याकडे रागाने पाहिलं, पण हसू त्यालाही आवरेना.

"आजी?" मी विचारलं.

"घोरू दे," बुढी म्हणाली. "त्याचा बापबी घोरे."

मी तिसरी न्यायमूर्ती म्हणून एवढंच म्हणाले, "माझं मत चैतूबाबांसारखं." आणि भाऊंनी, छाती भरून श्वास घेऊन, तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा केला:

"खालचा निकाल दुरुस्तीसह कायम! चोपदाराचा कालचा निकाल रद्द!"

असा आनंदाने हरलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. परतताना ते बाईंच्या बाजूने चालत होते, खुर्ची आता त्यांच्या डोक्यावर होती, आणि तोंड थांबत नव्हतं. "पायलं का, पायलं का तिचा चेहरा? मी मांगं उभा होतो तरी समजलं. अवं, तिथी मी जन्मभर न्यायमूर्तीच्या मांगून काय पायलं? समोरच्या माणसाचे तोंड. ज्याचं पुरं ऐकलं तो हरला तरी येगळा दिसते. आन काल मीच..." आणि मग अर्ध्या रस्त्यात त्यांनी डोक्यावरची खुर्ची खाली ठेवली. म्हणाले, "माही मायबी आपल्या घरी खुशच राह्यली असन. नाई का?"

"हव," बाई म्हणाल्या. "मले तं तिनं कितीकदा सांगतलं. तुमी इचारलंच कधी?"

दोन दिवसांनी गिरजाबुढीने झिंगे पाठवले. बाईंनी थोडे वांग्यात घातले, थोडे वाळवले. चैतूबाबा पुढच्या बाजाराला आले तेव्हा त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या सुकटीची पुडी त्यांना मिळाली, आणि त्यांनी ती गाडीत बसायच्या आधीच अर्धी संपवली.

माझी बदली झाली तेव्हा मी नागपूरला जाणार होते. मी म्हटलं, भाऊ, बाई, तुम्हीही चला, दोन दिवस राहा माझ्याकडे. निवृत्तीनंतर भाऊ हायकोर्टाकडे फिरकले नव्हते. काम नाही तर कशाला जायचं, म्हणत. आणि बाईंनी तर ती इमारत फक्त बाहेरून, तीही रिक्षातून पाहिली होती. नवऱ्याने आयुष्य जिथे काढलं त्या खोलीत त्यांचं पाऊल पडलेलं नव्हतं.

नुसतं बघून लगेच घरी जेवायला जायचं, असं बाईंनी बजावलं होतं. दारावर पास काढला, मोबाइल बंद केले. आत लांबच लांब व्हरांडा, काळे कोट, फायलींचे गठ्ठे, जिन्यापाशी घरून आणलेला डबा उघडून बसलेलं एक खेड्यातलं कुटुंब. भाऊंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या ओळखीचं तिथे कुणी उरलं नव्हतं. एका दारातून आम्ही आत गेलो आणि सगळ्यात मागच्या बाकाशी उभे राहिलो. पुढच्या बाजूचं दार उघडलं, एक तरुण चोपदार आला, त्याच्यामागे दोन न्यायमूर्ती. सगळी खोली उठून उभी राहिली. खुर्च्या ओढल्या गेल्या. सगळे बसले.

भाऊ उभेच.

त्या दालनात माणूस बसतो हे त्यांच्या शरीराला ठाऊक नव्हतं. बाईंनी त्यांचा सदरा ओढला. "बसा न आता."

ते बसले. बाकाच्या अगदी कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. कोणातरी शेतकऱ्याच्या वाटेच्या हक्काचं अपील होतं. वकील बोलत होते, न्यायमूर्ती मधूनच काही विचारत, एकमेकांकडे वाकून कुजबुजत, पुन्हा ऐकत. बराच वेळ बाई टक लावून बघत राहिल्या. मग माझ्या अंगावरून वाकून त्यांनी भाऊंना विचारलं,

"एवढंच असते? कोनी चिल्लावत नाई, काई नाई. दोन माणसं बसून ऐकून राह्यले. बस?"

"बस," भाऊ म्हणाले.

बाई पुन्हा समोर बघू लागल्या. हळूहळू त्यांनी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि बाकावर ऐसपैस मांडी घातली.

"मंग आपुन जेवाले कशाले घाई कराची," त्या म्हणाल्या. "ऐकू पुरं."